टर्फ घातलेत, पण काठी कोण विकणार? क्रीडामंत्री आणि वाणिज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय क्रीडा व युवक कल्याण मंत्री, महाराष्ट्र राज्य
माननीय वाणिज्य व उद्योग मंत्री, भारत सरकार

महोदय,

सविनय नमस्कार.

हे पत्र मी दोन वेगळ्या सरकारांतल्या दोन मंत्र्यांना एकत्र लिहितो आहे, कारण ज्या दुखण्याबद्दल ते आहे ते आपले आहे असे आजवर दोन्हींपैकी एकाही खात्याने मानलेले नाही. क्रीडा खात्याच्या लेखी दुकानदारी हा व्यापाराचा विषय आहे, आणि वाणिज्य खात्याच्या लेखी हॉकीचे साहित्य विकणारी दुकाने इतकी थोडी आहेत की कोणत्याही तक्त्यात त्यांचा वेगळा रकाना नसतो. मधल्या मध्ये ही दुकाने एकेक करून बंद होत आहेत आणि उरलेली क्रिकेटच्या बॅटी, ट्रॅकसूट आणि स्पर्धांचे करंडक विकून तग धरून आहेत.

हे सगळे जाहीरपणे लिहावे असे वाटले ते अलीकडे हाती आलेल्या दोन कागदांमुळे. पहिला कागद एका वितरकाचा आहे. येत्या हंगामापासून वरच्या दर्जाच्या काठ्या फक्त ऑनलाइन मंचांवर आणि कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळतील, दुकानदाराला त्या हव्याच असतील तर त्याने संपूर्ण रक्कम आगाऊ भरावी आणि ठरवून दिलेल्या किमान संख्येत माल उचलावा, असे त्यात सभ्य शब्दांत कळवले आहे. ती किमान संख्या माझ्या दुकानात वर्षभरातही खपत नाही. दुसरा कागद एका शासकीय कार्यालयाच्या निविदेचा आहे. त्यात शाळांसाठी लागणाऱ्या हॉकी काठ्या, कबड्डीच्या मॅट, व्यायामशाळेची यंत्रे आणि कॅरमचे बोर्ड असे सगळे एकाच गठ्ठ्यात बांधले आहे आणि बोली लावणाऱ्याची वार्षिक उलाढाल कोटींत असली पाहिजे अशी अट घातली आहे. एका कागदाने माझ्याकडे येणारा माल थांबतो आणि दुसऱ्याने माझ्याकडून जाणारा.

माझा या विषयाशी संबंध काय, तेही सांगतो. पुण्याच्या लष्करी वस्तीच्या कडेला वडिलांनी सुरू केलेले क्रीडासाहित्याचे दुकान मी चालवतो. खडकी आणि आसपासच्या भागात हॉकी ही कारखान्यांच्या वसाहतींत आणि पलटणींच्या मैदानांवर वाढली. धनराज पिल्ले याच खडकीचे. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन ते खेळ शिकले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या काळी काठी तुतीच्या लाकडाची असे, मूठ वेताची असे, आणि मोडलेली काठी टाकून देण्याची पद्धत नव्हती. ती दुकानात येई, तिला सरस लागे, दोऱ्याची घट्ट बांधणी होई आणि ती आणखी एक हंगाम खेळे. माल जालंधर आणि मेरठहून रेल्वे पार्सलने येई. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर १९४७ मध्ये जालंधरला येऊन स्थिरावले आणि बस्ती नौसारख्या भागांत त्यांनी हा धंदा पुन्हा उभा केला. त्यांच्यापैकी काहींशी वडिलांचा व्यवहार नुसत्या पोस्टकार्डावर चाले. माल आधी येई, पैसे हंगाम संपल्यावर जात. ही उधारी म्हणजे उपकार नव्हता. कारखानदाराला ठाऊक होते की दुकानदार टिकला तरच गावात हॉकी टिकेल आणि हॉकी टिकली तरच पुढच्या वर्षी मागणी येईल.

हॉकीच्या दुकानात नेमके काय होते हे पुष्कळांना माहीत नसते, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते. माझ्या गल्ल्याशेजारी खिळ्याला एक लोखंडी कडे टांगलेले आहे. त्याचा आतला व्यास ५१ मिलिमीटर आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ग्रिप आणि वरच्या सर्व आवरणांसह काठी एवढ्या कड्यातून आरपार गेली पाहिजे, तिचे वजन ७३७ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये आणि तिचा बाक २५ मिलिमीटरच्या आत असला पाहिजे. दुकानातून जाणारी प्रत्येक काठी मी या कड्यातून काढतो, कारण जिल्ह्याच्या स्पर्धेत पंचाने काठी बाद ठरवली तर त्या मुलाला ऐनवेळी दुसरी काठी कोणी देत नाही. त्यानंतर मुलाला सरळ उभे करून काठी कमरेच्या हाडापर्यंत येते का ते पाहायचे, तो बचावात खेळतो की आघाडीला हे विचारायचे, मनगट हाताने चाचपायचे आणि मग वजन व कडकपणा ठरवायचा. पूर्ण कार्बनची काठी दिसायला आकर्षक असते आणि महागही असते, पण बारा वर्षांच्या मुलाच्या हातात ती दिली तर चेंडू काठीवर अडवताना तो उसळतो आणि प्रत्येक फटक्याचा हादरा थेट कोपरात जातो. अशा मुलाच्या वडिलांना मी निम्म्या किमतीची, फायबरग्लासचे प्रमाण जास्त असलेली काठी देतो. स्वस्त काठी घ्या, असे ऑनलाइन मंचावर कोणी कोणाला सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

गोलरक्षकाच्या साहित्यात तर अंदाजाला जागाच नाही. लेगगार्ड, किकर म्हणजे पावलांवरचे संरक्षण, चेस्टगार्ड, हातमोजे, हेल्मेट आणि गळ्याचे संरक्षण असा चांगल्या प्रतीचा पूर्ण संच परदेशी बनावटीचा घेतला तर लाखाच्या घरात जातो; जालंधरचा संच त्याहून बराच स्वस्त पडतो. मात्र कोणताही संच असला तरी लेगगार्डचा गुडघा खेळाडूच्या गुडघ्यावर आला पाहिजे आणि हेल्मेट मान हलवल्यावर फिरता कामा नये. चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा आणि दगडासारखा टणक असतो, आणि पेनल्टी कॉर्नरला तो किती वेगाने येतो हे गोलात उभ्या राहिलेल्या माणसालाच विचारावे. हेल्मेट छायाचित्र पाहून मागवायचे आणि बसले नाही तर परत पाठवायचे, ही सोय चपलेच्या बाबतीत ठीक आहे. गोलरक्षक मुलगी मात्र ते परत पाठवत नाही, कारण सामना शनिवारी असतो. ती आत रुमाल कोंबून खेळते.

आता तक्रारींकडे येतो.

पहिली तक्रार किमतीची आहे. एकच काठी, एकाच कंपनीची, एकाच सांकेतिक क्रमांकाची, मला वितरकाकडून ज्या दराने मिळते त्याहून कमी दराने सणासुदीच्या विक्रीत ऑनलाइन मंचावर दिसते. मी अधिक नफा खातो म्हणून असे होत असते तर मला बोलायला जागा नव्हती. इथे माझा नफा शून्य धरला तरी मी महागच ठरतो. ग्राहक दुकानात येतो, अर्धा तास बसतो, पाच काठ्या हाताळतो, कोणती बसते ते माझ्याकडून समजून घेतो, वरच्या चिठ्ठीचे छायाचित्र काढतो आणि घरी जाऊन मागवतो. त्याच्यावर माझा राग नाही, त्याचे पैसे वाचतात. पण सल्ला माझा, जागा माझी, दिव्याचे बिल माझे आणि विक्री दुसऱ्याची, या हिशेबावर कोणतेही दुकान चालणार नाही.

या बाबतीत नियम नाहीत असे नाही. परकीय गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारमंचांसाठी केंद्राने २६ डिसेंबर २०१८ रोजी काढलेली आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेली प्रेस नोट क्रमांक २ स्पष्ट सांगते की मंचाने विक्रीच्या किमतीवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रभाव टाकू नये, सर्व विक्रेत्यांना समान वागणूक द्यावी, ज्या विक्रेत्यात स्वतःचा भांडवली हिस्सा आहे त्याचा माल आपल्या मंचावर विकू देऊ नये, आणि एखादा विक्रेता आपली २५ टक्क्यांहून अधिक खरेदी मंचाच्याच कंपन्यांकडून करत असेल तर तो साठा मंचाच्याच ताब्यातला समजावा. नियम चांगला आहे. तो पाळला जातो की नाही हे कोण पाहते, एवढाच प्रश्न आहे. दिल्लीतील व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश जानेवारी २०२० मध्ये दिला. ती चौकशी सुरू होण्याआधीच न्यायालयात अडली, २०२१ मध्ये तिचा मार्ग मोकळा झाला, आणि तिच्या निष्कर्षांवरची लढाई पुन्हा न्यायालयांतच गेली. मोठ्या कंपन्यांना न्यायालयात जाण्याचा पूर्ण अधिकार आहे. तक्रार एवढीच की इतकी वर्षे भाडे भरत वाट पाहण्याची ऐपत छोट्या दुकानाकडे नसते. शिवाय ही प्रेस नोट फक्त परकीय भांडवलाला लागू आहे. देशी भांडवलाचा मोठा उद्योगसमूह तेच सगळे करू लागला तर तिच्यात त्याला अडवणारे काहीच नाही.

स्पर्धा कायद्याचीही एक गोम आहे. तोट्यात विकून प्रतिस्पर्ध्याला बाजारातून घालवणे हे त्या कायद्याच्या कलम ४ खाली बेकायदा ठरते, पण ते केवळ बाजारावर वर्चस्व असलेल्या कंपनीच्या बाबतीत. दोन-तीन महाकाय मंच बाजार वाटून घेऊन बसले की त्यांतला प्रत्येक जण, माझे एकट्याचे वर्चस्व कुठे आहे, असे निष्पापपणे विचारू शकतो. ही पळवाट बुजवू शकेल अशा डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा कायदा झालेला नाही. राष्ट्रीय ई-कॉमर्स धोरणाचा मसुदा त्याच्याही पाच वर्षे आधी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, लोकांपुढे ठेवला गेला होता. आम्ही व्यापाऱ्यांनी त्यावर हरकती आणि सूचना पाठवल्या. अंतिम धोरणाची वाट आम्ही अजून पाहतो आहोत.

दुसरी तक्रार बनावट मालाची आहे आणि ती मी क्रीडा खात्यापुढे अधिक आग्रहाने मांडतो. नामांकित कंपनीचे स्टिकर लावलेल्या, ‘९० टक्के कार्बन’ असे छापलेल्या काठ्या पालक माझ्याकडे दुरुस्तीला आणतात. टोकाचा टवका उडालेला असतो आणि आत पांढरे फायबरग्लास दिसते, कार्बनची काळी वीण नावालासुद्धा नसते. परवा अशीच एक काठी कड्यातून काढून पाहिली तर ती ग्रिपपाशी अडकली. पालकांनी ती मोठ्या सवलतीत घेतली होती, म्हणजे आधी छापील किंमत फुगवली होती आणि मग ती कमी करून दाखवली होती. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे विक्रेत्याची माहिती आणि वस्तू कोणत्या देशात बनली ते दाखवणे सक्तीचे आहे. त्या काठीच्या विक्रेत्याचे नाव शोधता शोधता पालक एका अशा पत्त्यावर पोहोचले जिथे दुकान नव्हते, गोदाम नव्हते, फक्त एक मोबाईल क्रमांक होता आणि तो बंद होता.

तिसरी तक्रार पुरवठ्याची आहे. पूर्वी एका राज्यात एका कंपनीचे तीन-चार वितरक असत. एकाने नाही म्हटले तर दुसऱ्याकडे जाता येई. आता वितरण एकेका हातात गोळा झाले आहे. ज्याच्या हातात ते आहे त्याला पुण्या-कोल्हापूरच्या दुकानाला दहा काठ्या पाठवण्यापेक्षा मंचाच्या गोदामात हजार काठ्या टाकणे सोपे जाते, आणि त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मीही तेच केले असते. पण यातून घडते असे की दुकानात नवखे खेळाडू मागतात त्या स्वस्त काठ्या तेवढ्या उरतात. ज्या महागड्या मालावर दुकानाचे भाडे निघत असे तो पडद्यामागे जातो. मी स्वतः मंचावर विक्रेता म्हणून नोंदणी करून पाहिली. दलाली, गोदामशुल्क, जाहिरातीचा खर्च आणि परतीच्या मालाचा भुर्दंड वजा जाता हाती उरले ते एका ग्राहकाने सामना खेळून परत पाठवलेले, टोक खरवडलेले आणि टर्फची हिरवळ चिकटलेले ‘न वापरलेले’ स्टिक.

मोठी दालने आणि मोठ्या साखळ्या यांच्याविरुद्ध मी सरसकट बोलत नाही, हेही नोंदवून ठेवतो. डेकॅथलॉनसारख्या साखळीमुळे पहिल्यांदा हॉकी हातात घेणाऱ्या मुलाला परवडेल अशी, ठीकठाक काठी मिळू लागली. तिने ग्राहक माझ्याकडून नेले असतील, पण काही मुले खेळाकडे आणलीही. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या खेळाडूला घरबसल्या शिनगार्ड मिळतो, हे ऑनलाइन विक्रीचे ऋण मी नाकारत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की साखळी स्वतःचाच माल विकते, मंच जे खपते तेच दाखवतो, आणि डावखुऱ्या सवयीने काठी धरणाऱ्या मुलाला उजव्या बाजूने कसे धरायचे ते शिकवणारा माणूस या दोन्ही व्यवस्थांत कुठेही पगारावर नाही.

सगळे एका हाती गेले की पुढे काय होते, याचे उदाहरण उत्तर अमेरिकेत घडून गेले आहे. तिथली हॉकी बर्फावरची, खेळ आपल्याहून वेगळा. पण काठी, संरक्षक साहित्य, हंगाम आणि मुलांमागे खर्च करणारे पालक हे गणित तेच. तिथली बाऊअर ही हॉकीचे साहित्य बनवणारी कंपनी १९२७ मध्ये कॅनडातल्या किचनर गावी सुरू झाली. १९९५ मध्ये ती नायकीकडे गेली, २००८ मध्ये गुंतवणूकदारांकडे, आणि त्यानंतर कर्ज काढून एकामागून एक कंपन्या विकत घेत सुटली; जानेवारी २०१६ मध्ये तिने ईस्टनचा हॉकी व्यवसायही गिळला. सीसीएम हे तिथले दुसरे मोठे नाव, १८९९ पासूनचे. ते २००४ मध्ये रीबॉककडे, रीबॉकसह आदिदासकडे, आणि २०१७ मध्ये एका गुंतवणूक निधीकडे गेले. दुकानांचेही तसेच झाले. कॅनडात कॅनेडियन टायर या एकाच साखळीने २०११ मध्ये फोर्झानी समूह आणि २०१३ मध्ये प्रो हॉकी लाइफ ही दालने घेतली. अमेरिकेत मार्च २०१६ मध्ये स्पोर्ट्स अथॉरिटी ही अवाढव्य साखळी दिवाळखोरीत गेली, जुलैमध्ये टोटल हॉकी गेली आणि तिची मालमत्ता प्युअर हॉकी चालवणाऱ्या प्रतिस्पर्ध्याने उचलली. त्याच वर्षी ऑक्टोबर संपता संपता बाऊअरच्या मालक कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि २०१७ मध्ये ती ५७ कोटी ५० लाख डॉलरला विकली गेली. विकणाऱ्या साखळ्या कोसळल्या की बनवणाऱ्यालाही त्याचे धक्के बसतात, हे तिथे एकाच वर्षात दिसले. जालंधरच्या ज्या कारखानदारांना आज दुकानदार म्हणजे मधला अनावश्यक टप्पा वाटतो, त्यांनी २०१६ चे ते वर्ष नीट वाचावे. मंचाने उद्या स्वतःच्या नावाची काठी बाजारात आणली तर त्यांचा माल दाखवायला खिडकी कोणाची उरणार?

आता शासकीय खरेदीबद्दल, आणि इथे, क्रीडामंत्री महोदय, मी केवळ आपल्याशी बोलतो आहे.

शाळांना आणि क्रीडा केंद्रांना दिले जाणारे साहित्य एकत्र खरेदी केल्याने स्वस्त पडते, असा यामागचा विचार असणार. कागदावर ते पडतही असेल. प्रत्यक्षात काय येते ते मी पाहिले आहे. एका ग्रामीण शाळेचे क्रीडाशिक्षक असा पुरवठा झालेल्या काठ्या गाडीत घालून माझ्याकडे घेऊन आले. सगळ्या काठ्या साडेछत्तीस इंची होत्या, म्हणजे प्रौढ खेळाडूंच्या मापाच्या. त्यांच्या सहावी-सातवीच्या मुलींना तेहतीस-चौतीस इंची काठ्या हव्या होत्या. सरांनी विचारले, वरून कापून देता येतील का? काठी वरून कापली की तिचा तोल टोकाकडे जातो. त्या मुलीला ती कुऱ्हाडीसारखी लागते. पुरवठादार मुळात कार्यालयीन फर्निचरचा होता. त्याने सर्वांत कमी दर भरला होता, आणि निविदेत काठीची लांबी वयानुसार असावी असे कुठेही लिहिलेले नव्हते. मी काही काठ्यांचे ग्रिप बदलून दिले. बाकीच्या, माझ्या माहितीप्रमाणे, शाळेच्या कपाटात आहेत. लेखापरीक्षणात ही खरेदी यशस्वीच ठरली असेल.

फलटण तालुक्यातल्या गावांतून वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे भारतीय संघापर्यंत पोहोचल्या. टोकियोनंतर पॅरिसलाही पुरुष संघाने कांस्यपदक आणले, तेव्हा मंत्र्यांपासून नगरसेवकांपर्यंत सर्वांनी फलक लावले. बालेवाडीत टर्फ आहे, पिंपरीच्या नेहरूनगरला मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे मैदान आहे, आणि आणखी टर्फ घातले जाईल तेव्हा आम्हाला आनंदच होईल. पण एका टर्फवर होणाऱ्या खर्चाचा अगदी लहानसा अंशही त्या मैदानापासून तासाभराच्या अंतरावर योग्य मापाची काठी, नीट बसणारे हेल्मेट आणि काठीचा उडालेला टवका भरून देणारा कारागीर टिकून राहावा यासाठी खर्च होत नाही.

वाणिज्यमंत्री महोदय, याला जोडूनच एक मुद्दा आपल्या सरकारकडेही आहे. २ जुलै २०२१ रोजी किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या व्याख्येत घेतल्याची घोषणा झाली. आम्ही पेढे वाटले. नंतर नीट वाचले तेव्हा कळले की हा समावेश फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरता आहे. सरकारी खरेदीत लहान उद्योगांना जे प्राधान्य मिळते ते आम्हाला नाही, कारण आम्ही व्यापारी. विकत घेतलेली वस्तू जशीच्या तशी पुढे सरकवणाऱ्याला ते नाकारणे मला समजते. पण जो माप घेतो, बसवून देतो, दुरुस्ती करतो तो सेवा देतो की नाही, याचा विचार आपल्या अधिकाऱ्यांनी एकदा दुकानात येऊन करावा. कर्ज मिळते हे खरे. मात्र ज्या धंद्यातून माल आणि गिऱ्हाईक दोन्ही काढून घेतले जात आहेत त्यासाठी कर्ज घ्यायचे तरी कशाच्या भरवशावर?

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. त्यांत अनुदान मागितलेले नाही, कोणाच्या विक्रीवर बंदी मागितलेली नाही, आणि ऑनलाइन खरेदी करणाऱ्यावर जादा कर बसवा असेही कुठे म्हटलेले नाही.

राज्य सरकारने हॉकीचे साहित्य व्यायामशाळेच्या यंत्रांपासून आणि इतर साहित्यापासून वेगळ्या निविदेने खरेदी करावे, ती खरेदी जिल्हानिहाय लहान भागांत करावी, आणि उलाढालीची अट त्या भागाच्या किमतीला साजेशी ठेवावी.

निविदेच्या तपशिलात काठीची लांबी, वजन आणि प्रकार खेळाडूंच्या वयोगटानुसार लिहिलेला असावा आणि गोलरक्षकाचे साहित्य प्रत्यक्ष मापे घेऊनच स्वीकारले जावे. हा तपशील तयार करण्यासाठी क्रीडा प्रबोधिनीचे प्रशिक्षक, शाळांचे क्रीडाशिक्षक आणि साहित्य विक्रेते यांना एकत्र बसवावे. त्या बैठकीला आम्ही स्वखर्चाने येऊ. पुरवठादाराने विक्रीनंतर किमान एक हंगाम दुरुस्तीची सोय जिल्ह्यातच उपलब्ध ठेवावी, ही अटही त्यात असावी. ही एकच अट घातली तरी फर्निचरवाले आपोआप बाजूला होतील.

केंद्र सरकारने ई-कॉमर्स धोरण अंतिम करण्याची तारीख जाहीर करावी. प्रेस नोटमधील समान वागणुकीचे तत्त्व परकीय आणि देशी अशा दोन्ही भांडवलांच्या मंचांना लागू करावे. किमतीबाबतच्या तक्रारींवर निर्णय देण्यासाठी मुदत बांधून द्यावी, कारण हॉकीचा हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो आणि त्याच्या अनेक वर्षांनंतर मिळालेला न्याय बंद शटरला काही कामाचा नाही. एकाहून अधिक मोठ्या मंचांनी मिळून बाजार व्यापला असेल तिथे तोट्यातल्या विक्रीची तपासणी कशी करायची, हे कायद्यात स्पष्ट करावे.

संरक्षक क्रीडासाहित्य, म्हणजे हेल्मेट, पेनल्टी कॉर्नरचा मुखवटा, गळ्याचे संरक्षण आणि शिनगार्ड, बनावट निघाल्यास मंचालाही जबाबदार धरावे, आणि ज्या विक्रेत्याचा पत्ता तपासलेला नाही त्याला हे साहित्य विकूच देऊ नये.

माप घेणे, बसवणे आणि दुरुस्ती ही कामे करणाऱ्या क्रीडासाहित्याच्या दुकानांना सरकारी खरेदीपुरते सेवा उद्योग मानावे.

कारखानदार आणि वितरकांकडे मागणी करण्याचा अधिकार मला नाही, विनंती मात्र करतो. जो माल मंचाला ज्या दराने देता तोच दुकानाला त्याच दराने द्या आणि किमान संख्येची अट दुकानाच्या आकाराप्रमाणे ठेवा. सल्ला देण्याची किंमत आम्ही ग्राहकाकडून वेगळी वसूल करू की नाही, ते आमचे आम्ही पाहून घेऊ.

नेहरू चषक शालेय हॉकी स्पर्धांच्या तालुका आणि जिल्हा फेऱ्या पावसाळ्यात सुरू होतात आणि शाळांची खरेदी त्याच्या आधी होते. त्या खरेदीच्या निविदा निघण्यापूर्वी वर मागितलेले बदल करता येतात का, आणि येत नसतील तर त्याचे कारण काय, याचे लेखी उत्तर दोन्ही खात्यांकडून मिळावे, ही विनंती. आपले उत्तर, जे असेल ते, मी याच ठिकाणी जसेच्या तसे प्रसिद्ध करीन. शाळेच्या कपाटातल्या त्या साडेछत्तीस इंची काठ्यांच्या बदल्यात योग्य मापाच्या काठ्या खरेदीच्या दरात द्यायला मी तयार आहे. त्यासाठी खात्याचे एक पत्र पुरेल.

आपला विश्वासू,
हॉकी साहित्याचा एक विक्रेता, पुणे